हाँगकाँगची हवामानवही

२६ जानेवारी १८४१ रोजी हाँगकाँग बेटावर ब्रिटिश निशाण चढलं, पुढच्याच वर्षी नानकिंगच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते १८८३ साल, वेधशाळेच्या स्थापनेचं. त्यानंतर तिथे पारा, पाऊस, वारा नेमाने नोंदवला जाऊ लागला. १८ जानेवारी १८९३ ला, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या या बंदरात, पारा थेट शून्य अंशावर उतरला! १९ जुलै १९२६ ला तर एका दिवसात ५३४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आपल्या कोकणातही अशा दिवसाची आठवण वर्षानुवर्षं निघते.

सगळ्यांत भीषण दिवस १८ सप्टेंबर १९०६ चा. टायफून, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, इतकं अचानक आलं की इशाऱ्याची खूण चढेपर्यंत फार उशीर झाला होता. जेमतेम दोन तासांत दहा हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत बहुतेक नावेतच संसार थाटलेली गरीब चिनी कुटुंबं होती. त्यांच्या नावांना आसरा म्हणून याउ मा तेई इथे बांधलेलं सुरक्षित बंदर १९१५ साली पूर्ण झालं.