जातं आमचं, नाव कुणाचं?

(जिल्हा वस्तुसंग्रहालय पुन्हा उघडण्याच्या तयारीसाठी महिला मंडळांची बैठक झाली. त्या बैठकीत केलेलं भाषण.)



दुरुस्तीसाठी बंद असलेलं आपल्या जिल्ह्याचं वस्तुसंग्रहालय आता पुन्हा उघडायचं आहे. त्यासाठी 'लोकसहभाग' हवा, असं पत्र आपल्या मंडळांना आलंय. पत्रात तीन गोष्टी मागितल्यात. घरातल्या जुन्या वस्तू, जमेल तशी वर्गणी, आणि उद्घाटनाच्या दिवशी मदतीला बायका. यात वावगं काही नाही. आपण देऊच. पण देताना आपण काय मागायचं, हे आज ठरवूया.

जुन्या वस्तू म्हणजे काय? जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, सूप, पाळणा, गोधडी. बहुतेक सगळ्या बायांच्या हाताखालच्या. त्या संग्रहालयात गेल्या की पुढ्यात चिठ्ठी लागते : 'दगडी जातं'. 'गोधडी, हाताने शिवलेली'. कुणाच्या हाताने? ते चिठ्ठीत नसतं. शेजारच्या तलवारीखाली मात्र सरदाराचं नाव असतं, घराणं असतं, लढाई असते. तलवार लढाईपुरती बाहेर निघाली. जातं रोज पहाटे फिरलं. मग इतिहास कुणी चालवला?

लोकांच्या मदतीने संग्रहालय उभं राहणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईला भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं १८७२ साली. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, डेव्हिड ससून अशा मंडळींनी पुढाकार घेतला, वर्गण्या दिल्या. २००३ मध्ये ते दुरुस्तीला बंद झालं आणि २००८ मध्ये पुन्हा उघडलं. महापालिका, एक खाजगी न्यास आणि वारसा जपणारी एक संस्था, अशा तिघांनी मिळून ते काम केलं. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. वेगवेगळ्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे. फार सुबक काम आहे, जरूर बघा. पण बघताना एक लक्षात ठेवा. वर्गणीदारांची नावं इतिहासात राहिली. बाहुल्यांच्या रूपात मांडलेली कष्टकरी माणसं मात्र 'नमुना' म्हणून राहिली. तेव्हा 'लोकसहभाग' म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा : कोणते लोक, आणि सहभाग कशात?

आता एक लांबचं उदाहरण देते, कारण तिथल्या लोकांनी या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची गजबजलेली वस्ती होती. कामगार, छोटे दुकानदार, ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू, सगळे शेजारी. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वर्णद्वेषी सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. पुढच्या वर्षांत ६०,००० हून अधिक माणसांना उठवून शहराबाहेरच्या वाळूच्या माळावर टाकलं. घरांवर बुलडोझर फिरवले. चर्च आणि मशिदी तेवढ्या उभ्या राहिल्या.

डिसेंबर १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये त्या वस्तीचं संग्रहालय सुरू झालं. खरं तर दोन आठवड्यांचं प्रदर्शन होतं, पण लोक येतच राहिले आणि ते बंद झालंच नाही. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला होता. उठवलेली माणसं येत, वाकून आपली गल्ली शोधत आणि तिथे आपलं नाव लिहीत. शेजारी लांबच लांब कापड ठेवलं होतं. त्यावर लोकांनी पेनाने नावं, आठवणी लिहिल्या. मग त्या अक्षरांवर दोऱ्याने भरतकाम केलं गेलं. बघा, सुई-दोरा तर आपल्या घरात आहेच. त्याच सुई-दोऱ्याने तिथे पुरावा टाचून ठेवला.

पुढे इमारतीच्या दुरुस्तीसाठी हे संग्रहालय काही काळ बंद ठेवावं लागलं. २००० साली ते पुन्हा उघडलं तेव्हा त्यात एक खोली मांडली होती, 'नोमवुयोची खोली'. नोमवुयो न्गसेल्वाने ही याच वस्तीत वाढलेली कृष्णवर्णीय आफ्रिकी बाई. १९९८ मध्ये तिने आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं. डिस्ट्रिक्ट सिक्स म्हटलं की लोकांना मिश्रवंशीयांची वस्ती आठवे. तिथे आफ्रिकी कुटुंबंही राहत होती आणि त्यांना आधीच हुसकायला सुरुवात झाली होती. प्लेगचं निमित्त करून १९०१ सालीच पुष्कळांना बाहेर काढलं होतं. हे विसरलं जात होतं. नोमवुयोने विस्मरणाला हरकत घेतली. आणि संग्रहालयाने पुन्हा उघडताना एका कुटुंबाचा सगळा संसार मावलेली ती एकच खोली मधोमध आणली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याही आठवणीत कुणीतरी वगळलं जातं, आणि ते सांगायला त्यांच्यातलीच बाई उभी राहावी लागते.

आता आपल्याकडे बघा. 'जुन्या वस्तू द्या' म्हटलं की वाड्यातल्या पितळेच्या समया, पानदानं येतील. जिच्या घरात पितळ कधी नव्हतंच, तिचं काय? १९७२ च्या दुष्काळात हजारो बायांनी खडी फोडली, बांधावर माती टाकली. रोजगार हमीचा कायदा उभा राहिला तो त्या कष्टांवर आणि त्यानंतरच्या मोर्चांवर. ती हातोडी, ते घमेलं, सुकडीचं भांडं या संग्रहालयात का नको? तो जिल्ह्याचा इतिहास नाही का? दलितवस्तीतल्या, पारधी पालावरच्या, टाकलेल्या बायांच्या वस्तू मागायला कोण जाणार आहे? आपणच जायला हवं.

म्हणून मी काही मागण्या मांडते. त्यांवर चर्चा करा, भर घाला.

एक, वस्तू देताना लेखी पावती घ्यायची. कायमची दिली की ठेव म्हणून दिली, हे त्यावर स्पष्ट हवं. दोन, संग्रहालयाच्या नोंदवहीत आणि चिठ्ठीवर वापरणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि काम लिहायचं. 'अमक्यांच्या सौजन्याने' म्हणून नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव चालणार नाही. तीन, आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या तर आधी बाईची परवानगी घ्यायची. मारहाणीचं, सोडून दिल्याचं कुणी सांगेल. नाव द्यायचं की नाही हे तिने ठरवायचं, आणि नंतर नको वाटलं तर मागे घेता आलं पाहिजे. चार, मांडणी ठरवणाऱ्या समितीत निम्म्या बाया, त्यात कष्टकरी बाया. ओवाळायला आणि रांगोळीला बोलावणं म्हणजे सहभाग नव्हे. पाच, मजुरीवरून सुटलेल्या बाईला येता येईल अशी वेळ, बायांसाठी स्वच्छ संडास, आणि मूल घेऊन बसायला जागा.

कुणी म्हणेल, इतक्या अटी घातल्या तर संग्रहालय उघडणारच नाही. मला उलट वाटतं. २०२० मध्ये कोविडच्या काळात डिस्ट्रिक्ट सिक्सचं संग्रहालय बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी लोकांपुढेच मदतीसाठी हात पसरला. ते संग्रहालय टिकलं. ज्या जागेत आपलं नाव असतं, ती जागा माणसं पडू देत नाहीत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक वस्तू आणि एक कागद आणायचा. कागदावर पाचच ओळी : ही वस्तू कुणाची, ती कुठून आली, तिने कोणतं काम केलं, त्या कामाचे पैसे कुणाला मिळाले, आणि ती आज का द्यावीशी वाटते. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, शाळेतल्या मुलींनी लिहून घ्यावं. असे शंभर कागद जमले तर समितीपुढे नुसती मागणी घेऊन जायला नको. नोंदवहीचं पहिलं पान आपणच लिहून नेऊ.