वाघोबाचा दगड आणि भुताळी

(शहापूर-मुरबाड भागातल्या महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण, थोडे आवरून.)



मला निरोप आला तो असा: "तू देवाधर्मावर लिहितेस आणि संघटनेच्या कामातही असतेस, हे दोन्ही कसं जमतं ते बोल." खरं सांगायचं तर जमत नाही. कुठे अडतं, तेवढं सांगते.

मी वारली. घर शहापूर तालुक्यात, तानसाच्या अंगाला. मुंबईला पाणी जातं ते आमच्या शेजारून, आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या तालुक्यातल्या बायका टँकरची वाट बघतात. ते तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेच्या दाखल्यावर माझ्यापुढे 'हिंदू वारली' लिहिलंय. घरात मात्र हिरवा, नारनदेव, कणसरी, वाघोबा. पाऊस नारनदेवाचा, दाणा कणसरीचा. जनगणनेच्या कागदावर सहा धर्मांना आकडे आहेत, बाकीच्यांनी 'इतर'मध्ये नाव सांगायचं. झारखंडच्या विधानसभेने २०२० साली सरना धर्माची वेगळी नोंद मागणारा ठराव केला. आपल्याकडे मोजणीला येणारा मास्तर विचारतसुद्धा नाही, स्वतःच 'हिंदू' लिहून पुढच्या घरी जातो. २०२७ च्या जनगणनेत तो दारात आला की निदान विचारायला लावा, एवढं माझं म्हणणं. काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

एम.एस.डब्ल्यू. करताना स्टारहॉक या अमेरिकन लेखिकेचं एक पुस्तक हाती आलं, 'द स्पायरल डान्स', १९७९ सालचं. ही बाई निसर्गाला, देवीला मानणारी. ती लिहिते, अणुवीज केंद्राविरुद्धच्या आंदोलनात उतरते, आणि स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवते. तिकडे अशा लोकांना पेगन म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यातला माणूस, म्हणजे आपल्या भाषेत गावंढळ. मला हसू आलं. कॉलेजात मला मागून हेच म्हणत होते की!

त्या पुस्तकाने मला धीर दिला, हे नाकारत नाही. मी लिहू लागले ते त्यानंतर. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या आमच्या सवाष्णी, लग्न लावणारी धवलेरी, यांच्यावर लिहिलं. आमच्यात लग्न बाई लावते, हे सांगितलं की शहरातल्या मैत्रिणींचे डोळे चमकतात. त्यांना मग पुढचंही सांगते. चौक लिहिणं हे मूळ बायकांचं काम. कागदावर, कापडावर आल्यावर ती कला झाली आणि जगात नाव झालं ते पुरुषांचं. जिव्या सोमा मशे यांचा हात मोठाच होता, २०११ ची पद्मश्री त्यांना मिळाली याचा मला आनंदच आहे. पण ज्या बायकांच्या हातून भिंतीवर पालघाट उतरली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली?

पण 'विच' या शब्दापाशी मी अडखळले. त्या शब्दाला आपल्याकडे भुताळी म्हणतात. इंग्लंडात चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली गेला, त्यानंतर तिथल्या लोकांना तो शब्द मिरवता आला. आपल्या पाड्यावर तो शब्द कुणी आपणहून घेत नाही, तो अंगावर टाकला जातो.

काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर तापाने दोन पोरं गेली. बाहेरून भगत आणला. त्याच्या अंगात आलं आणि त्याने एका विधवेच्या घराकडे बोट दाखवलं. तिच्या नावावर भाताचा एक तुकडा होता, दिराच्या शेताला लागून. बाकी तुम्हाला सांगायला नको. तिला मारलं, घराबाहेर काढलं. आम्ही तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तर "गावात मिटवा" म्हणाले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आम्ही छापील घेऊन गेलो होतो. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. तो कागद टेबलावर ठेवून आम्ही सात जणी बसून राहिलो. संध्याकाळी गुन्हा नोंदला गेला. आणि हे बायकांपुरतंच आहे असंही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये मुरबाड तालुक्यातच एका म्हाताऱ्या माणसाला याच संशयावरून निखाऱ्यांवर नाचवलं.

त्या रात्री ती बाई माझ्या घरी राहिली. भात घेतला नाही, नुसता चहा घेतला. मग म्हणाली, "बाय, तू आपल्या देवांचं चांगलं चांगलं लिहितेस, लेकीने वाचून दाखवलं मला. भगताच्या अंगात आला तोही आपलाच देव ना? त्याचं का नाही लिहिलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. मी देवांचं लिहीत होते ते बाहेरच्यांना दाखवायला: बघा, आम्ही मागासलेले नाही. त्या घाईत आपल्याच बाईला सोडून दिलं होतं.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, सगळी अंधश्रद्धाच, टाकून दे. त्यांच्याशी माझं भांडण आहे. शहापूरच्या एका पाड्यावर वनहक्काचा दावा करताना वहिवाटीचा कागद कुणाकडेच नव्हता. नियमांत विहीर, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावे धरले आहेत. वाघोबाचा दगड जंगलात कुठे, गावदेव कुठे, जुनी वाट कुठली, हे बायकांनी दाखवलं. लाकडाला, भाजीला, कंदाला त्याच तर जातात. पुरुषांच्या समितीने नकाशा काढला होता त्यात दगड चुकीच्या जागी होता! नियमाने वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बायका असायला हव्यात, आणि पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने. दोन्ही गोष्टींवर आम्ही अडून बसलो. तो दगड टाकून दिला असता तर दावा कशावर उभा केला असता?

म्हणून देव सोडायचे नाहीत, पण भगताला बाईकडे बोट दाखवू द्यायचं नाही, असं आम्ही काही जणींनी धरलं आहे. पोर आजारी पडलं की आधी आरोग्य केंद्र. भगताला यायचं तर त्यानेही गाडीत बसून यावं. एक म्हातारे भगत खरंच येतात. तिथे जाऊन मंत्रही म्हणतात आणि सलाईन लावेपर्यंत पोराचा हातही धरतात. दुसऱ्या एकाने माझ्या आईला सांगून ठेवलंय, तुझ्या पोरीला आवर. आई मला काही बोलत नाही, पण देवाच्या कामाला हल्ली हाकही मारत नाही. हे मला लागतं.

त्या विधवेची केस अजून उभी आहे. ती पाड्यावर परत गेली, भाताचा तुकडा तिनेच लावला. वाघबारशीला पोरं घरोघर तांदूळ मागत फिरतात, ते वाघोबापाशी शिजतात. गेल्या वर्षी तिच्या दारावरून ती तशीच पुढे गेली. सुपात तांदूळ घेऊन ती उंबऱ्यात उभी होती, मी पाहिलं. यंदा त्या दिवशी आम्ही चारपाच जणी तिच्या दारात बसणार आहोत. पोरं आली की आम्हीच हाक मारू. मुरबाडच्या गटांपैकी कुणाला यायचं असेल तर बैठक संपल्यावर मला भेटा. एस.टी. सकाळची एकच आहे, म्हणून आदल्या रात्री मुक्कामालाच या.