गाडीमागची गाडी

विश्रांतवाडींतील एका गृहस्थांनीं मोटारीच्या मागें जोडून न्यावयाची एक छोटी निवासगाडी विकत घेतली. एका आंसाची, दोन चाकांची, आंत चौघापांचांनीं दाटीवाटीनें निजावें एवढी. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें अशा फिरत्या घरांतून प्रवास करण्यास उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून हें त्यांच्या मनांत घोळत होतें. पहिला बेत ठरला तो बोरघाट उतरून अलिबागेचा. बरोबर पत्नी, दोन मुलें आणि ऐंशीच्या घरांतले वडील. निघण्यापूर्वीं एका कारागिरानें बजावलें कीं, मागच्या गाडीचे हेलकावे आवरणारा दांडा बसविल्यावांचून घाटांत पाऊल टाकूं नये. दुसरा म्हणाला, एवढ्याशा गाडीला तो कशाला? दोघेही अनुभवी. मग खरें कोणाचें?

हा हेलकावा येतो कोठून, हें आधीं पाहिलें पाहिजे. मोठी बस शेजारून वेगानें पुढें जाऊं लागली कीं, तिच्या तोंडापुढील हवेचा लोट मागच्या गाडीस दूर ढकलतो. बस पुढें सरकतांच तीच गाडी तिच्याकडे ओढली जाते. गाडी जोडावर फिरते आणि मोटारीची पिछाडी एकदां इकडे, एकदां तिकडे लोटते. वेग बेताचा असेल तर दोनतीन झोल्यांत सारें आपोआप निवतें. एका विशिष्ट वेगापलीकडे मात्र प्रत्येक झोला मागल्याहून मोठा होत जातो, आणि मग चालवणाराच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं. हा वेग प्रत्येक जोडीचा निराळा असतो. मोटार हलकी, मागची गाडी लांब व जड, आणि ओझें पिछाडीस लादलेलें असलें, म्हणजे तो फार खालीं येतो.

घरांत हा वाद चालला असतां वडिलांनीं एकच प्रश्न केला, "अरे, गाडी उलाळ आहे कीं नाहीं, तें पाहिलेंस का?" तरुणपणीं त्यांनीं खेड तालुक्यांत बैलगाडी हांकली होती. ओझें मागें पडलें कीं जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढें फार आलें कीं बैलांच्या मानेवर भार पडतो. कोणताही गाडीवान पोतीं सारून हें साधल्याशिवाय निघत नसे.

चिरंजीवांनीं गाडी सपाट जागीं उभी केली, चाकांना दगड लावले आणि दांडीच्या टोंकाखालीं घरांतला वजनकांटा ठेवला. सामानासह गाडीचें वजन ५०० किलो. दांडीवर भार आला ४५ किलो. अमेरिकेंत अशा गाडीच्या एकूण वजनाचा दहावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक दांडीवर असावा असा प्रघात आहे. युरोपांत याहून कमी चालतो. म्हणजे हिशेब वाईट नव्हता. पण पाण्याची ५० लिटरची टाकी तेव्हां रिकामी होती, आणि ती होती आंसाच्या मागें १ मीटरवर! जोडापासून आंस अडीच मीटर. तेव्हां टाकी भरतांच दांडीवरचा भार २० किलोंनीं घटून २५ वर आला. एकूण ५५० किलोंत हा विसावा भागही नव्हे. तीच टाकी आंसाच्या पुढें अर्धा मीटर बसविल्यावर भार ५५ किलो भरला, बरोबर दहावा हिस्सा. मोटारीच्या पुस्तिकेंत जोडावरील भाराची मर्यादा दिलेली असते. तीही त्यांनीं ताडून पाहिली.

त्या दांड्याचें काम घर्षणानें झोल्याची शक्ति खाण्याचें. चुकीचें ओझें तो सरळ करीत नाहीं. उलट, चूक कांहीं काळ झांकून ठेवतो. दांडा विकत घेऊन टाकी मागेंच राहूं दिली असती तर पैसे गेलेच असते, आणि धोका मुलांसकट घाट उतरला असता.

वडिलांचा अनुभव एके ठिकाणीं मात्र अपुरा पडतो. बैलांच्या चालीला झोला ठाऊक नाहीं. तो वेगाचा रोग आहे. द्रुतगति मार्गावर सपाटीस मोटारीला ताशीं १०० किलोमीटरची मुभा असली, तरी ती मागें घर जोडलेल्या मोटारीनें वापरावी असें नाहीं. उतारावर तर मोटारीचा ब्रेक दाबला कीं मागची गाडी तिला ढकलते, म्हणून खालचा गिअर आधींच घालावा. झोला सुरू झालाच तर चाक सरळ धरून प्रवेगकावरचा पाय हळूहळू काढावा. जोराचा ब्रेक नको, आणि वेग वाढवून सुटका करून घेण्याचा मोह तर मुळींच नको.

या जोडीला, म्हणजे दीड टनाची मोटार व तिच्या मागें साडेपांचशे किलो, दांडा तूर्त नको असें घरांत ठरलें. वेग सत्तरच्या आंत ठेवावयाचा, आणि एवढें करूनही गाडी झोले खाऊं लागली तर दांडा बसवावयाचा. वजनकांटा मात्र सामानांत घेतला. परततांना टाकी रिकामी असणार, मुलें शंखशिंपले कोठें भरतील याचा नेम नाहीं. तेव्हां अलिबागेहून निघतांनाही दांडीचें टोंक पुन्हां त्यावर टेकवावयाचें आहे.