कांटा कोठें गोंधळतो ?

(नभोवाणीवरील भाषण)

मी जन्मभर शाळामास्तर होतों. भूगोलाच्या तासाला होकायंत्राची डबी टेबलावर ठेवून "कांटा नेहमीं उत्तर दिशा दाखवितो" हें वाक्य मीं किती मुलांकडून घोकून घेतलें असेल याची गणती नाहीं. एके दिवशीं शेवटच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "सर, उत्तर ध्रुवावरच जाऊन उभें राहिलें, तर कांटा काय दाखवील ?" वर्ग हंसला. "आधीं परीक्षेंत पास हो, मग ध्रुवावर जा," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. खरी गोष्ट अशी, कीं मला उत्तर येत नव्हतें. सेवानिवृत्तीनंतर मीं तें शोधलें, आणि आज आपणांपुढें ठेवीत आहें.

उत्तरेकडे ध्रुव एक नसून दोन आहेत. पृथ्वी ज्या आंसाभोंवतीं फिरते त्याचें टोंक हा भौगोलिक ध्रुव. होकायंत्राचा संबंध येतो तो चुंबकीय ध्रुवाशीं, आणि त्याची जागा निराळी आहे. शिवाय पृथ्वीची चुंबकीय ओढ सर्वत्र जमिनीला समांतर नसते. विषुववृत्ताच्या आसपास ती बहुतेक आडवी असते. तेथून उत्तरेस जावें तसतशी ती खालीं झुकत जाते. आपल्या मुंबईकडे हा झुकाव बेताचा, म्हणून ओढीचा बराच भाग आडवा मिळतो आणि कांटा चटकन् वळतो. चुंबकीय ध्रुवावर मात्र ती ओढ सरळ पायाखालीं जाते. डबींतील कांटा तर आडवाच फिरणारा. त्याला वळविण्यास कांहींच उरत नाहीं. तेथें चुंबकशक्ति संपते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तेथील जोर आपल्याकडच्याहून अधिकच असतो. फक्त तो कांट्याच्या कामाचा नसतो.

हा अनुभव प्रथम घेतला जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानें. बर्फांत अडकून पडलेलें जहाज मागें ठेवून तो १ जून १८३१ रोजीं कॅनडाच्या उत्तर टोंकाकडील बूथिया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोंचला. उभ्या पातळींत फिरणाऱ्या सुईनें झुकाव दाखविला ८९ अंश ५९ मिनिटें. काटकोनाला अवघें एक मिनिट कमी! त्यानें आडव्या सुया अत्यंत नाजूकपणें टांगून पाहिल्या. एकही हालली नाहीं.

पुढें १९०३ ते १९०६ च्या सफरींत नॉर्वेचा आमुंडसेन त्याच भागांत दोन हिवाळे राहिला, तेव्हां हा ध्रुव रॉसच्या जागेवरून सरकला असल्याचें आढळलें. पृथ्वीच्या पोटांत वितळलेल्या लोखंडाचे प्रवाह सतत चालू आहेत. त्यांतूनच हें चुंबकत्व उपजतें, म्हणून ध्रुवही स्थिर राहत नाहीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तो वर्षाला सुमारें ५० किलोमीटर वेगानें धांवूं लागला, आणि कॅनडाकडून आतां सैबेरियाच्या बाजूस गेला आहे. नाविकांसाठीं दर पांच वर्षांनीं नवी केली जाणारी चुंबकीय आंकडेवारी त्यामुळें २०१९ सालीं मुदतीपूर्वींच दुरुस्त करावी लागली.

मग तिकडे वाट काढावी कशी ? १९२६ सालीं अमेरिकन वैमानिक बर्ड स्पिट्सबर्गेनहून ध्रुवाकडे निघाला, तेव्हां त्यानें सांवली आणि घड्याळ यांचा मेळ घालणारें सूर्य-होकायंत्र नेलें होतें. तो ध्रुवापर्यंत खरोखर पोंचला कीं नाहीं, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. भोंवऱ्याच्या तत्त्वावर चालणारें जायरो-होकायंत्र लोहचुंबकावर विसंबत नाहीं. परंतु तें पृथ्वीच्या फिरण्यावरून दिशा ओळखतें, आणि ध्रुवाजवळ त्याचीही ही शक्ति क्षीण होते. म्हणून तेथील नकाशांवर ग्रिनिचच्या रेखावृत्ताला समांतर रेघा ओढून त्यांनाच उत्तर-दक्षिण मानण्याची पद्धत पडली. आतां उपग्रह आपली जागा सांगतात, ही मोठीच सोय. तथापि आपण कोठें आहों हें कळणें आणि आपलें तोंड कोणीकडे आहे हें कळणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तो मुलगा आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं. तो ऐकत असल्यास त्याला उत्तर देतों. बाळ, भौगोलिक ध्रुवावर तुझा कांटा मंदपणें कां होईना, चुंबकीय ध्रुवाकडे वळेल. म्हणजे उत्तर दाखविणारें त्याचें टोंक तेथें दक्षिणेकडे असेल, कारण त्या जागेवरून सर्वच दिशा दक्षिण. चुंबकीय ध्रुवावर गेलास, तर तो कोठेंही थांबेल आणि त्याचा अर्थ कांहींच नसेल. तुझा प्रश्न बरोबर होता. "मला माहीत नाहीं, पाहून सांगतों," एवढें मीं त्या दिवशीं म्हणावयास हवें होतें.

श्रोतेहो, घरांतलें लेंकरूं असा प्रश्न विचारील, तेव्हां त्याला खालीं बसवूं नका, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतों.