सरकलेली गादी कुठे कुठे जाते
(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला कंबरदुखीवर बोलायला सांगितलं. पण व्यायाम, खुर्ची, उशी हे सगळं तुम्हाला रोज व्हॉट्सॲपवर मिळतंच. म्हणून मी ऑपरेशन करताना क्वचित दिसणाऱ्या प्रकारांबद्दल बोलणार आहे.

आधी एक गोष्ट. गादी सरकली असं आपण म्हणतो, पण ती सरकत नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. नस दाबली जाते, पाय ठणकतो. बहुतेक लोक काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात, हे आधी सांगून टाकतो. मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये हा संबंध नीट मांडला. त्याआधी असे तुकडे गाठ समजून काढले जात.

तशी गफलत आजही होऊ शकते. कधी गराचा तुकडा सुटतो आणि नसांच्या पिशवीला वळसा घालून थेट तिच्या मागे जाऊन बसतो. एमआरआयच्या रिपोर्टात 'ट्यूमर' आणि पुढे प्रश्नचिन्ह! घरच्यांची झोप उडते. शिरेतून औषध देऊन पुन्हा एमआरआय केला की अशा तुकड्याची बरेचदा फक्त कडा उजळते, त्यावरून अंदाज येतो. पण खात्री तुकडा काढून लॅबला पाठवल्यावरच. आत निघतो तो खेकड्याच्या मांसासारखा पांढरा गर.

दुसरा प्रकार त्याहून दुर्मिळ, हजारात तीनेक. तुकडा पिशवीचं आवरण फाडून आतच शिरतो. बाहेर शोधावं तर काही सापडत नाही आणि पिशवी मात्र टणक लागते. मग मायक्रोस्कोपखाली आवरण उघडायचं, नसांमधून तुकडा अलगद सोडवायचा आणि पाणी झिरपणार नाही असे टाके घालायचे. 'दीड तास म्हणाले होते, तीन तास का लागले?' याचं उत्तर कधीकधी हे असतं.

तिसरा प्रकार फार बाजूला जाणारा. त्यात मांडी पुढून दुखते आणि लोक गुडघ्याचे एक्स-रे काढत बसतात.

आता महत्त्वाचं. कमरेत मज्जारज्जू संपतो आणि पुढे नसांचा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. मोठा तुकडा त्या सगळ्यावरच दाबला, तर लघवी तुंबते किंवा झालेली कळत नाही, बसायची जागा बधिर होते, दोन्ही पाय लुळे पडू लागतात. अशा वेळी शेक नको, मालीश नको, सकाळची वाटही नको. त्याच रात्री एमआरआय आणि मणक्याचा सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही. आपल्याकडे, विशेषतः घरातल्या बायका, हे सांगायला लाजतात. तेव्हा पाय दुखतोय म्हणणाऱ्याला तुम्हीच विचारा.

आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. पेशंट पडलेला नसेल, तर खुर्चीत बसवून खाली आणायला हरकत नाही. गाडी काढायला कुणी नसलं तर माझी बेल वाजवा. बी विंग, दुसरा मजला.