पुरेशी स्पष्टता



८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. न कापता शरीराच्या आत पाहता येते, याचे जगाला अप्रूप वाटले. त्याची किंमत मात्र पुढे कळली. एडिसनचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे हात प्रयोगांत वारंवार या किरणांसमोर येत. त्या हातांना कर्करोग जडला, ते कापावे लागले आणि १९०४ मध्ये डॅली मरण पावले. किरणांना बळी पडलेल्या अशा अनेकांचे स्मारक १९३६ मध्ये हॅम्बुर्ग येथे उभारले गेले.

आजची यंत्रे कितीतरी सुरक्षित आहेत. तरी मूळ पेच सुटलेला नाही. कोरड्या अंगणात पावसाचे चार थेंब पडले, तर जमीन ठिपक्याठिपक्यांची दिसते. सर बरसली की सारखी भिजते. क्ष-किरणांच्या चित्राचेही असेच आहे. किरण थोडे असले तर चित्र रवाळ उमटते. हा रवाळपणा निम्मा करायचा, तर किरणांची मात्रा सुमारे चौपट करावी लागते.

फिल्मच्या काळी मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडे आणि चूक उघडी होई. संगणकीय चित्रात जादा मात्रेने चित्र उलट अधिक सुरेख दिसते. म्हणून तिच्याविषयी तक्रार उठत नाही. मात्रा नकळत वाढत जाण्याचे हे एक कारण आहे.

म्हणूनच चित्र किती सुंदर आहे, यापेक्षा ते निदानाला पुरेसे आहे का, हे पाहावे लागते. मूत्रपिंडातील खडा आसपासच्या भागाहून ठळक दिसतो; तो रवाळ चित्रातही सहसा सापडतो. यकृतातील लहान गाठ मात्र भोवतालात मिसळून जाते. तेथे मात्रा फार कमी केली, तर रोगच नजरेतून सुटेल आणि घेतलेले किरणही वाया जातील.

निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. छातीच्या एका एक्स-रेत तो सुमारे ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र १० च्या आसपास जाऊ शकतो. मुलांचे शरीर लहान, पेशी वाढीच्या आणि पुढचे आयुष्य दीर्घ. त्यामुळे मोठ्यांसाठी ठरवलेली मात्रा त्यांना जशीच्या तशी देणे योग्य नव्हे. याच जाणिवेतून २००८ मध्ये अमेरिकेत बालरुग्णांसाठी ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली.

पालकांनी भीतीपोटी आवश्यक तपासणी नाकारू नये. न झालेल्या निदानाचा धोका बहुधा अधिक मोठा असतो. मात्र डॉक्टरांना आदरपूर्वक विचारावे: या तपासणीने उपचारात काय बदलेल? सोनोग्राफी किंवा एमआरआयने काम भागेल का? मात्रा मुलाच्या वजनानुसार ठरवली आहे का? जुने अहवाल व चित्रे जपून ठेवावीत आणि डॉक्टर बदलले तर सोबत न्यावीत. जी तपासणी पुन्हा करावी लागत नाही, तिचे किरण मुलाला मुळीच सोसावे लागत नाहीत.