उबेचा हक्क आणि योजनांची दारे

(सातपूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गरिबीची चर्चा निघाली की अन्न, वस्त्र, निवारा हे तीन शब्द ठरल्याप्रमाणे उच्चारले जातात. ऊब हा शब्द त्यांत कधी येत नाही. महाराष्ट्र हा उष्ण प्रदेश, येथे थंडीचा कसला प्रश्न, असे मुंबईत बसून धोरणे आखणाऱ्यांना वाटत असावे. परंतु निफाडचा पारा कित्येक हिवाळ्यांत पाच अंशांखाली उतरला आहे, आणि सातपूरच्या पत्र्याच्या खोलीत पहाटेची थंडी थेट हाडांपर्यंत पोहोचते. तरुणांना ती गुलाबी वाटते. संधिवाताने जखडलेल्या म्हातारीला किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मात्र गरम पाणी, गरम पेज आणि शेगडी एवढाच आधार असतो. आणि या तिन्हींना इंधन लागते.

ही माणसे कोण आहेत? १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. ज्यांनी तेथे हयात घालविली, त्यांतील अनेकांच्या हाती आज १९९५ च्या योजनेची पेन्शन पडते. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली. तिला महागाईची जोड नाही. २०२२-२३ मध्ये बराच काळ गॅसच्या एका सिलिंडरची किंमत या संपूर्ण पेन्शनहून अधिक होती. कंत्राटी कामगाराला तर तेवढेही नाही. रेशनच्या रॉकेलवर एके काळी गरिबाचा स्टोव्ह पेटत असे. गॅसजोडणी असलेल्यांचे ते बंद झाले आणि २०२० पर्यंत केंद्राचे अनुदानही संपले. उरली लाकडे आणि पुठ्ठे. त्यांचा धूर कोंदट खोलीत दम्याच्या रुग्णाच्याच छातीत जातो.

सरकार म्हणेल, आम्ही मोफत सिलिंडर दिले. २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर देण्याचे ठरले, हे खरे. पण तिची दारे नीट पाहा. गॅसजोडणी महिलेच्या नावावर हवी, आणि कुटुंब उज्ज्वला योजनेतील किंवा लाडकी बहीण योजनेस पात्र ठरलेले हवे. लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा ६५ वर्षांची. म्हणजे एकटी राहणारी सत्तर वर्षांची विधवा, उज्ज्वलाची जोडणी नसेल तर, वय झाले म्हणून बाहेर! संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा अर्थसाह्य घेणारी अपंग स्त्री, दुसऱ्या योजनेचा लाभ मिळतो म्हणून, लाडकी बहीण योजनेस अपात्र. आणि एकटा राहणारा विधुर? त्याला तर कोणतेच दार नाही. ज्यांना ऊब सर्वाधिक हवी, नेमके तेच गाळले जावेत अशी ही चाळणी आहे. कोणी दुष्टाव्याने ती विणली असे नव्हे. मतांचा हिशेब मांडताना म्हातारा आणि पांगळा माणूस कोणाच्या ध्यानात राहिला नाही, इतकेच.

ब्रिटनमध्ये १९९७ साली मजूर पक्षाच्या सरकारने वृद्धांसाठी हिवाळी इंधन भत्ता सुरू केला. २०२४ साली त्याच पक्षाच्या सरकारने तो बहुतेकांचा काढून घेतला. वृद्ध संतापले, स्वपक्षीय खासदारही कुरकुरले, आणि २०२५ मध्ये सरकारला तो बहुसंख्य वृद्धांना पुन्हा द्यावा लागला. समाजवादाचे नाव घेणाऱ्यांचाही हात आखडू शकतो, ही गोष्ट आपणही ध्यानात ठेवलेली बरी.

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना इतरांहून किमान २५ टक्के अधिक साह्य मिळावे. महापालिकेनेही आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी त्यांच्यासाठी राखावयाचा असतो. त्यातून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांचा इंधन भत्ता देता येईल. वृद्धांसाठी मात्र राज्याकडेच भांडावे लागेल. अन्नपूर्णा योजनेतील वयाची आणि जोडणीच्या नावाची अट एकट्या वृद्धांपुरती शिथिल करावी, ही मागणी त्यात पहिली असावी.

यासाठी आधी नोंद हवी. श्रमिकनगर, अशोकनगर, सातपूर कॉलनी येथे घरोघर जाऊन तीनच प्रश्न विचारावेत: जोडणी कोणाच्या नावावर आहे, गेल्या वर्षी किती सिलिंडर घेतले, आणि पहाटे पाणी कशावर तापते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दारातच दिसेल. ही यादी दिवाळीपूर्वी तयार झाली, तर महापालिकेच्या दारी जाताना हाती निवेदनाबरोबर नावेही असतील.